‘सतर्क राहावे’ म्हणजे नेमकं काय करायचं? पुराच्या प्रेसनोट वाचायला शिकलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी सांगलीत एमए मराठीच्या मुलांना भाषाविज्ञान शिकवतो. दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रोजेक्ट असतो आणि बहुतेक मुलं कादंबरी, आत्मचरित्र नाहीतर ग्रामीण कविता घेतात. काही वर्षांपूर्वी एक मुलगी आली आणि म्हणाली, सर, मला धरणाच्या प्रेसनोट घ्यायच्यात, त्या पावसाळ्यात येतात ना व्हॉट्सॲपवर, विसर्गाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडल्याच्या, त्या. (नाव-गाव मुद्दाम देत नाही, काही तपशीलही बदललेत.)

मला विषय एकदम आवडला. विशेष क्षेत्रातला मजकूर कसा वाचायचा, त्याचं विश्लेषण कसं करायचं हे आम्ही शिकवतो खरं पण उदाहरणं सगळी लांबची असतात, कोर्टाचा निकाल, औषधाच्या बाटलीवरचं पत्रक वगैरे. इथं मजकूर आमच्या उशाशी होता. कोयना धरण सातारा जिल्ह्यात, कोयना नदी कराडला कृष्णेला मिळते, ते पाणी खाली सांगलीला येतं, हरिपूरला वारणा येऊन मिळते, आणि सांगलीत सगळ्यांचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडं. हा पूल १९२९ चा. इथं इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये परत ५४ च्या वर. सांगलीतलं शेंबडं पोरगंसुद्धा पावसाळ्यात फुटात बोलतं.

आणि नोट येते ती मात्र क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी. साधारण साचा असा असतो:

“पाणलोट क्षेत्रात पावसाचा जोर असल्याने धरणात पाण्याची आवक वाढत आहे. धरणाचे सहा वक्र दरवाजे इतके फूट उघडून सांडव्यावरून इतके क्युसेक व पायथा विद्युतगृहातून २१०० क्युसेक असा एकूण इतका विसर्ग नदीपात्रात सोडण्यात येत आहे. पर्जन्यमान व येवा विचारात घेऊन विसर्गामध्ये वाढ अथवा घट करण्यात येईल. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.”

तिनं तीन पावसाळ्यांतल्या साठेक नोट गोळा केल्या. एक गोष्ट तिनं मला पहिल्या दिवशी सांगितली नाही आणि मीही विचारली नाही, की २०१९ ला तिचं घर गावभागात होतं आणि पहिला मजला अर्धा बुडाला होता.

अडचण कुठं आली

पहिला मसुदा आला तो म्हणजे अवघड शब्दांची यादी. येवा (धरणात येणारं पाणी), सांडवा (जादा पाणी बाहेर सोडायची वाट), पाणलोट, परिचालन (धरण चालवणं), क्युसेक, टीएमसी (अब्ज घनफूट). शब्द, अर्थ, किती वेळा आला, असं एक्सेलमध्ये टेबल आणि खाली निष्कर्ष, शासकीय भाषा क्लिष्ट असते, ती सोपी करायला हवी. बारा पानं. मेहनत भरपूर होती पण हा निष्कर्ष एकही नोट न वाचता लिहिता आला असता, आणि तेच मी तिला सांगितलं. विशेष क्षेत्रातला मजकूर म्हटलं की मुलं आधी शब्दसंग्रहावर तुटून पडतात, कारण शब्द मोजता येतात.

मग मी तिला कर्मणी प्रयोगाकडं वळवलं. “सोडण्यात येत आहे”, “करण्यात येईल”. पाणी सोडतंय कोण? कर्ताच नाही. “नागरिकांनी सतर्क राहावे” यात कर्ता आहे, पण तो नागरिक आहे, आणि प्रयोग भावे. म्हणजे पाणी सोडणारा वाक्यात दिसत नाही आणि काळजी घेणारा तेवढा दिसतो. हे तिला एकदम भिडलं. आठ दिवसांत तिनं वीस पानं आणली, भाषेतून जबाबदारी कशी टाळली जाते, सत्ता स्वतःला अदृश्य कशी करते. वाक्यं धारदार होती. मी खूश झालो, वर्गात वाचायला लावलं.

वर्गात वाळव्याकडचा एक मुलगा आहे, त्याचे चुलते कालव्यावर नोकरीला. त्यानं शांतपणे विचारलं, “समजा नोटमध्ये लिहिलं असतं की अमुक साहेब पाणी सोडत आहेत, तर तू त्या रात्री काय वेगळं केलं असतंस?”

ती गप्प झाली. मीही गप्प झालो, कारण प्रश्न बरोबर होता. आम्ही दोघांनी मिळून मजकुराला एक आरोपपत्र चिकटवलं होतं. ते खोटंच होतं असं नाही, पण ती नोट लिहिणारा माणूस लिहिताना काय करत असतो आणि वाचणारा वाचताना काय शोधत असतो, यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. कर्ता नाही म्हणजे लपवाछपवी, हा अर्थ आम्ही बाहेरनं आणला होता.

कोणते पर्याय होते

नोव्हेंबर उजाडला होता, मार्चमध्ये प्रोजेक्ट द्यायचा होता. तिनं स्वतःच विषय बदलायचं सुचवलं, पुरावरच्या कविता घेते म्हणाली, त्यावर लिहिणं तिला जमलं असतं आणि मार्कही बरे पडले असते. मी नको म्हटलं. तसं म्हणायचा हक्क मला होता का हे मला अजून नक्की सांगता येत नाही, कारण मार्क तिचे जाणार होते.

दुसरा रस्ता प्रश्नावलीचा. शंभर लोकांना फॉर्म पाठवायचा, “तुम्हाला विसर्ग शब्दाचा अर्थ कळतो का? हो/नाही.” हल्ली प्रत्येक प्रोजेक्टमध्ये हे असतं. पण पुन्हा शब्दावरच आलो असतो, आणि फॉर्ममध्ये माणूस “कळतो” म्हणतो, खरं वाचताना काय करतो ते दिसत नाही.

तिसरा, आहे तेच टीकात्मक वाचन पुढं रेटायचं. तयार पानं होती, भाषा चांगली होती, व्हायवाला छाप पडली असती. खरं सांगायचं तर चार-पाच दिवस मी याच बाजूला होतो.

चौथा रस्ता सगळ्यात वेळखाऊ. भाषेचे अभ्यासक जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये शोधनिबंधांच्या प्रस्तावना घेऊन दाखवलं की तिथलं प्रत्येक वाक्य काहीतरी काम करतं आणि ही कामं ठराविक टप्प्यांनी येतात. विजय भाटिया यांनी १९९३ मध्ये तीच नजर व्यवसायातल्या पत्रांकडं आणि कायद्याच्या मजकुराकडं वळवली, आणि त्यात एक साधी अट घातली, की त्या क्षेत्रातल्या जाणकार माणसाला विचारा, तुमचं वाचन त्याच्यासमोर ठेवा. आम्ही हा भाग सिलॅबसमध्ये शिकवतो, मुलं परीक्षेत लिहितात, पण प्रत्यक्ष कोणी उठून जाणकाराकडं जात नाही. आम्ही जायचं ठरवलं.

काय केलं

पहिल्यांदा साठ नोट बाजूला ठेवल्या आणि एकच घेतली. दोन आठवडे एकच. प्रत्येक वाक्यासमोर लिहायचं, हे वाक्य काढलं तर काय बिघडेल? पावसाचं वाक्य कारण देतं. दरवाज्यांचं वाक्य माहिती देतं. “सोडण्यात येत आहे” घोषणा करतं. मग येतं “येवा विचारात घेऊन विसर्गामध्ये वाढ अथवा घट करण्यात येईल”, आणि इथं तिनं लिहिलं, “साचेबंद वाक्य, माहिती शून्य, काढलं तरी चालेल.” मीही त्यावर टिक केली.

मग ती पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांकडं गेली, ओळखीतनं मिळाले. दोन तास बसले ते तिच्यासोबत. तिनं आपला टप्प्यांचा कागद दाखवला. साहेबांनी सगळ्यात आधी बोट ठेवलं ते त्या टिक केलेल्या वाक्यावर. म्हणाले, “बाळ, हे वाक्य काढलंस तर नोटच राहिली नाही.” मग समजावून सांगितलं. नोट लिहिली जाते त्या क्षणाचा आकडा तासा-दोन तासात जुना होऊ शकतो, रात्री पाऊस वाढला तर दरवाजे आणखी उचलावे लागतात, आणि तेव्हा नवी नोट लोकांपर्यंत पोचेलच असं नाही. “वाढ अथवा घट करण्यात येईल” हे वाक्य आधीच सांगून ठेवतं की हा आकडा धरून निवांत झोपू नका. त्यांच्या लेखी अख्ख्या नोटमधला खरा इशारा तोच होता. आकडा म्हणजे नोंद, आणि हे वाक्य म्हणजे इशारा.

आणि “सतर्क राहावे”? त्यावर ते म्हणाले ती ओळ शेवटी असतेच, आम्ही मागच्या नोटमधनं तशीच घ्यायचो, कधी सतर्क, कधी सावध, कधी दक्षता घ्यावी, त्यात काही कमी-जास्त असं मनात नसायचं.

कर्त्याचाही विषय निघाला. साहेब म्हणाले, दरवाजा उचलायचं बटण कोण दाबतो ते सांगता येईल, पण निर्णय एकट्याचा नसतो, कोणत्या तारखेला धरणात किती साठा ठेवायचा त्याचं परिचालन वेळापत्रक असतं, वर पावसाचा अंदाज असतो, खालच्या गावांची स्थिती असते, वरिष्ठांची मंजुरी असते. “मग वाक्यात कोणाचं नाव घालू?” आता यावरही प्रतिप्रश्न करता येतो, खात्याचं नाव घाला की, आणि तिनं तो केला, त्यावर ते हसले आणि म्हणाले, हां, ते घालता आलं असतं. तिचं टीकात्मक वाचन सगळंच वाया गेलं नाही ते असं, पण तो वीस पानांचा मुद्दा आता दीड पानात बसला आणि त्याला आधार मिळाला.

इथून पुढचा टप्पा वाचणाऱ्यांचा. गावभाग, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड अशा ठिकाणची नऊ माणसं. इथं मला थांबावं लागलं. ही सगळी पुरात गेलेली माणसं, प्रोजेक्टसाठी त्यांना त्या रात्रीबद्दल विचारायचं का? आम्ही ठरवलं की पुराची आठवण विचारायचीच नाही. फक्त एक नोट हातात द्यायची, मोठ्यानं वाचा म्हणायचं, आणि वाचता वाचता मनात काय येतं ते बोलत जा म्हणायचं. कोणी स्वतःहून आठवण काढली तर ऐकायची, खोदायचं नाही.

पहिली नोट तिनं घरीच दिली, पप्पांना. पप्पांनी पावसाची ओळ सोडली, दरवाज्यांची ओळ सोडली, आकड्यावरून नजर फिरवली आणि थेट शेवटी गेले. तिनं विचारलं, पप्पा, मधलं वाचलं नाही का? ते म्हणाले, “मी आकडा कधी बघतच नाही गं. मी शेवटी सतर्क लिहिलंय का स्थलांतर लिहिलंय तेवढं बघतो. त्यावेळी सतर्कच होतं म्हणून मी सामान माळ्यावर टाकत बसलो.”

ती दुसऱ्या दिवशी कॉलेजला आली तेव्हा हे सांगताना तिचा आवाज नीट येत नव्हता. तेव्हा मला कळलं की तिचं घर बुडालं होतं.

नऊपैकी सहा जणांनी जवळपास हेच केलं. सावध असेल तर अजून वेळ आहे, सतर्क असेल तर सामान वर टाका, सुरक्षित स्थळी जावे असेल तर म्हाताऱ्या माणसांना पाहुण्यांकडं पाठवा, स्थलांतर आलं की कुलूप. लोकांनी या शब्दांची एक शिडी केलीय मनात, कोणी शिकवलेली नाही, वर्षानुवर्षं नोट वाचून तयार झालीय. आणि लिहिणाऱ्यानं तर सांगितलं होतं की त्यात कमी-जास्त काही नसायचं! उलट ज्या वाक्यात त्यानं खरा इशारा भरला होता ते “वाढ अथवा घट” कोणीच वाचलं नाही, एकजण तर म्हणाला ते असतंयच ओ दरवेळी.

तिच्या सगळ्या प्रोजेक्टचा गाभा हा. लिहिणारा आपलं वजन एका वाक्यावर टाकतो, वाचणारा दुसऱ्याच शब्दावर टेकतो, आणि दोघंही शहाणी, जबाबदार माणसं आहेत. एकही अवघड शब्द यात नाही. सतर्क हा काय अवघड शब्द आहे का?

यानंतर तिनं भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे यांनी सांगितलेली मजकुराची तीन अंगं घेतली, विषय काय, बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांचं नातं काय, माध्यम काय, आणि प्रेसनोटच्या शेजारी महापालिकेच्या गाडीवरचा भोंगा ठेवला. भोंग्यावर पाणी “वाढायला लागलंय”, घरं “खाली करा”. भावे प्रयोग जातो, आज्ञार्थ येतो. विषय तोच, नातं बदलतं आणि वाक्य बदलतं. हा भाग छोटा आहे पण वर्गात सगळ्यात लवकर कळतो, म्हणून मी आता सुरुवातच याच्यानं करतो.

एक प्रयोग फसला तोही सांगतो. तिनं नोट सोप्या भाषेत परत लिहिली, “धरणातून इतकं पाणी सोडलंय, उद्या सकाळपर्यंत आयर्विनला पाणी इतके फूट होईल.” वाचणाऱ्यांना प्रचंड आवडली. साहेबांनी मात्र हात जोडले. कागद घेऊन हिशोब मांडला, ११,५७४ क्युसेक विसर्ग २४ तास सुरू राहिला तर १ टीएमसी पाणी जातं, इथपर्यंत गणित सरळ, कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी तेही माहीत. पण आयर्विनचे फूट एकट्या कोयनेवर ठरत नाहीत. धरणाच्या खाली पडणारा पाऊस आहे, वारणा आहे, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी किती त्याचीही चर्चा असते. धरणावर बसलेल्या माणसाला सांगलीच्या फुटाचं वचन देता येत नाही. म्हणजे तिनं भाषा सोपी करता करता लिहिणाऱ्याच्या तोंडी त्याला माहीत नसलेली गोष्ट घातली होती. अनिश्चितता हाच त्या मजकुराचा आशय होता आणि सोपं करताना नेमका तोच गळून पडला.

शेवटी तिनं छोटा बदल सुचवला. शब्द फार बदलायचे नाहीत. “वाढ अथवा घट” हे वाक्य पहिलं आणायचं, “हा आकडा अमुक वाजताचा आहे, रात्रीत वाढू शकतो” अशा रूपात. आणि शेवटच्या ओळीतले शब्द ठरवून वापरायचे, कारण लोक ते ठरवूनच वाचतात.

निष्पत्ती

प्रोजेक्ट मार्चऐवजी एप्रिलमध्ये गेला, उशिराची परवानगी घ्यावी लागली. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, हे मराठीचं काम आहे की भूगोलाचं? ती म्हणाली, सर, सतर्क आणि स्थलांतर यातला फरक लोक कसा ठरवतात हे मराठीचं काम आहे. मार्क मध्यम पडले. परीक्षकांचा एक आक्षेप योग्य होता, नऊ वाचक आणि एक जाणकार यावरून सगळ्या नदीकाठाबद्दल बोलता येत नाही, आणि तिनं काही ठिकाणी तसं बोलून टाकलं होतं.

साहेबांनी प्रोजेक्टची प्रत मागून घेतली. शब्दांची ती शिडी त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. प्रत्यक्ष नोटच्या भाषेत यामुळं काही बदललं असा माझा दावा नाही.

आता परत करायचं झालं तर

जाणकाराकडं नोव्हेंबरनंतर नाही, पहिल्याच महिन्यात पाठवीन. मी आधी थिअरी, मग मजकूर, मग माणसं असा क्रम धरला होता आणि त्यात तीन महिने गेले. आता पहिल्या आठवड्यात मजकूर आणि माणूस, थिअरी लागेल तशी.

टीकात्मक वाचन शिकवायचं बंद करणार नाही, ते लागतंच. पण विद्यार्थ्यानं “लपवलं जातं” असं लिहिलं की आता मी तिथंच विचारतो, कोणापासून, आणि ते कळलं असतं तर त्या माणसानं काय केलं असतं? हा प्रश्न त्या वाळव्याच्या मुलाचा आहे, मी त्याचं श्रेय दरवेळी सांगतो.

नोट जमवताना आम्ही फक्त धरणाच्या घेतल्या, ती चूक झाली. लोक धरणाची नोट, आयर्विनच्या पातळीचा मेसेज आणि गल्लीतल्या ग्रुपवरचा फोटो हे तिन्ही एकत्र ठेवून वाचतात, क्युसेक आणि फूट यांची गाठ तिथंच पडते. मजकुराची हद्द आम्ही लिहिणाऱ्याच्या बाजूनं आखली, वाचणाऱ्याच्या बाजूनं आखायला हवी होती.

आणि विषय निवडणाऱ्या मुलीला मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, हाच विषय का? तिनं स्वतःला बाहेर ठेवून सुरुवात केली कारण अभ्यास म्हणजे असंच असतं असं आम्हीच शिकवतो. तिच्या घरातला वाचक पाचव्या महिन्यात सापडला, तो पहिल्या दिवसापासून शेजारच्या खोलीत बसलेला होता.

गेल्या जूनमध्ये नव्या बॅचला मी तीच एक नोट वाटली आणि प्रत्येकाला घरी नेऊन एका माणसाकडनं मोठ्यानं वाचून घ्यायला सांगितलं. मिरजेची एक मुलगी परत आली ती म्हणाली, सर, आमच्या आजीनं पूर्ण वाचली, आणि मग मला विचारलं, ही कधीची आहे? नोटवर तारीख होती, वेळ नव्हती. साठ नोट चाळूनही हे आमच्या दोघांच्या लक्षात आलं नव्हतं. तिचा प्रोजेक्ट आता त्यावरच चाललाय.